कालव्यावरचा जुना दगडी पूल पाडायचा की राखायचा? आधी पाणी कुठून मुरतं ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यात, नांदूरमधमेश्वरच्या खालच्या अंगाला गोदावरी डाव्या कालव्यावर एका गावाजवळ इंग्रजांच्या काळातला एका कमानीचा दगडी पूल आहे. कमानीच्या पोटात भेगा दिसू लागल्यात, कठड्यात पिंपळ वाढलाय, एका बाजूची पंखभिंत (पुलाच्या टोकाला काठाची माती धरणारी भिंत) फुगलीय. उसाचे ट्रॅक्टर आणि कांद्याच्या गाड्या रोज त्यावरून जातात. ग्रामपंचायतीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पाडून स्लॅबचा पूल बांधा. दुसरा म्हणतो, पूल आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा आहे, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घ्या म्हणजे अजून पन्नास वर्षं बघायला नको. काय करावं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको, आणि दोहोंपैकी गिलावा जास्त घातक. पाडलेला पूल निदान उघडपणे जातो. गिलावा केलेला पूल आतून जातो आणि जाताना बातमी देत नाही.

मी पाटबंधाऱ्याची दगडी कामं दुरुस्त करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. अशा पुलाचं वय ऐकून मला काही कळत नाही. शंभर वर्षं हे घडीव काळ्या दगडाच्या कमानीला फार नाही. या पुलाचं जे काही बिघडतं ते पाण्यामुळे, आणि बहुतेक वेळा ते पाणी कालव्याचं नसतं, वरच्या रस्त्याचं असतं. हे एकदा ध्यानात घेतलं की दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो: आधी पाणी, मग सांधे, मग भार. गावोगावी नेमकं उलटं होतं. आधी वर डांबर, मग खाली सिमेंट, आणि पाणी तसंच.

हे पूल आले कुठून तेही सांगतो, कारण दुरुस्तीचा माल त्यावरून ठरतो. 1901-03 च्या सिंचन आयोगानंतर मुंबई इलाख्यात दुष्काळाला तोंड देण्यासाठी मोठी पाटबंधाऱ्याची कामं निघाली, गोदावरीचे कालवे त्यातलेच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूरमधमेश्वरचा दगडी बंधारा, तिथून डावा आणि उजवा कालवा, आणि या कालव्यांना साठ्याचं पाणी द्यायला वर इगतपुरीकडे 1916 साली पुरं झालेलं दारणा धरण. कालवा काढला की शेतं आणि जुन्या वाटा दुभंगतात, म्हणून ठिकठिकाणी हे ओलांडणीचे पूल बांधावे लागले. त्या वेळी सिमेंट ही विलायतेहून पिंपांतून येणारी महाग वस्तू होती. हिंदुस्थानात पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंट नियमित निघू लागलं तेच 1914 साली. त्यामुळे त्या काळातला तुमचा पूल चुन्याचा असणार हे जवळपास धरून चाला. खात्री करायची तर दर्जेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, जुना मसाला नखाने खरवडून बघा. पिवळट-पांढरा, मध्ये लालसर सुरखीचे (विटांच्या भुकटीचे) कण आणि चुन्याचे न विरलेले पांढरे खडे दिसले, की तो चुन्याच्या घाणीत, म्हणजे फिरत्या दगडी चाकाखाली, मळलेला चुना. करडा, काचेसारखा कडक आणि टोकदार तुटणारा माल दिसला, तर ती नंतर कुणीतरी केलेली ‘दुरुस्ती’ आहे.

कमान उभी कशी राहते हे समजल्याशिवाय भेगा वाचता येत नाहीत. एक साखळी दोन खुंट्यांना सैल लटकवा. तिचा जो आकार होतो तो उलटा केला की कमानीतून दाब कसा वाहतो ती रेघ मिळते. ती रेघ दगडांच्या जाडीच्या आत राहिली तोवर कमान उभी. आपला काळा पाषाण दाबाला अफाट आहे. चांगल्या बेसाल्टची ताकद चौरस मिलिमीटरला शंभर न्यूटनच्या पुढे जाते, आणि अशा लहान कमानीत प्रत्यक्ष दाब एक-दोन न्यूटनच्या आसपास असतो. म्हणजे दगड चिरडून पूल पडण्याची भीती जवळपास नाही. भीती असते ती ही रेघ सरकण्याची. पाया हलला, कमान आणि रस्ता यांमधला मातीचा भराव वाहून गेला, सांधे रिकामे होऊन दगड सैल झाले की ती जाडीच्या कडेला जाते. जिथे ती कडेला टेकते तिथे सांधा उघडतो आणि कमान बिजागरीसारखी वळू लागते. तीन बिजागऱ्या झाल्या तरी कमान उभी राहू शकते. चौथी झाली की ती यंत्रासारखी हलायला मोकळी होते, आणि मग कोसळते ती क्षणात.

आता भेगा. चारच जाती लक्षात ठेवा. रस्त्याच्या दिशेने, कठड्याच्या बरोबर खाली, कमानीच्या पोटात लांबट भेग दिसली तर बाजूची भिंत कमानीपासून सुटतेय. आतला भराव ओला होऊन भिंतीला बाहेर ढकलतोय. ही सगळ्यात जास्त आढळणारी भेग आहे, बरी होण्यासारखी आहे, पण तिचं मूळ वरच्या पाण्यात आहे. त्याच दिशेने पण पुलाच्या मधोमध लांबट भेग असेल तर पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचलाय. कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग म्हणजे अबटमेंटचा (कमान ज्यावर टेकते त्या टोकाच्या भिंतीचा) एक कोपरा खाली बसतोय. आणि रस्त्याला आडवी, म्हणजे कमानीच्या एका दर्जेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारी भेग ही बिजागरी. अशी एक दिसली तर जड वाहतूक त्याच दिवशी थांबवा, बाकीची चर्चा नंतर. तुम्ही ‘भेगा दिसू लागल्यात’ एवढंच लिहिलंय. कुठल्या दिशेने धावतात यावर माझं अर्धं उत्तर अवलंबून आहे.

भेग चालू आहे की जुनी मुरलेली, हेही बघावं लागतं. कमानीच्या पोटाला भेगेवर आडवी पातळ काचपट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली की भेग जिवंत. याहून चांगलं म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे रोवून त्यांतलं अंतर व्हर्निअर कॅलिपरने मोजत राहणं. एकदा मोजून काही कळत नाही. एक पावसाळा, एक रब्बीचं आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) आणि एक उन्हाळी आवर्तन त्यात यायला हवं. माणूस मात्र एकच असू द्या, कारण दर वेळी वेगळा हात कॅलिपर वेगळा धरतो.

मग हातोडी. पाव किलोची हातोडी घेऊन कमानीचा एकेक दगड ठोकत जायचं. पक्का बसलेला दगड टणटणीत वाजतो आणि हातोडी उसळून परत येते. सैल दगड बद्द आवाज देतो, हाताला मेल्यासारखा लागतो. त्यावर खडूने फुली मारायची. कमानीचा पूर्ण नकाशा असा फुल्यांनी भरला की दिसतं, फुल्या माथ्याशी जमल्यात, कडेला, की जिथून कमान सुटते त्या ओळीत. माथ्याशी एखादा कळीचा (कमानीच्या अगदी मधला) दगड शेजाऱ्यांपेक्षा बोटभर खाली उतरलेला दिसला, तर वर भराव पातळ झालाय आणि चाकाचा दणका थेट दगडावर येतोय.

कालव्यावरचा पूल आणि नदीवरचा पूल यांत जे अंतर आहे ते आपल्याकडे फारसं कुणी ध्यानात घेत नाही. नाशिकला पाऊस वाढला की गोदावरीवरच्या ‘होळकर पुलाखालून किती क्युसेक’ हा आकडा गावभर फिरतो. नदीवरच्या पुलाचा शत्रू पूर, पाया धुपणं, वाहून आलेले ओंडके. सावित्री नदीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, त्यानंतर राज्यभर ‘इंग्रजांचे पूल’ म्हणून सरसकट घबराट पसरली आणि कालव्यावरचे पूलही त्याच माळेत ओवले गेले. पण कालव्याला पूर नसतो. पाणी ठरवून सोडतात, ठरवून बंद करतात. म्हणूनच बांधणाऱ्यांनी या पुलांचे पाये नदीच्या पुलासारखे खोल नेले नाहीत, तशी गरज नव्हती.

त्याऐवजी कालव्याच्या पुलाला वेगळी दुखणी असतात. पहिलं, पाण्याची रेघ. आवर्तन चालू असताना पाणी आठवडेच्या आठवडे जवळपास एकाच पातळीवर राहतं, मग उतरतं, मग पुन्हा चढतं. त्या एका पट्ट्यातला चुना भिजून-वाळून, भिजून-वाळून निघून जातो. कालवा कोरडा असताना खाली उतरून बघा, गुडघा ते कमरेच्या उंचीला दगडांमध्ये हात जाईल इतक्या रिकाम्या फटी सापडतील आणि वरच्या दर्जा शाबूत असतील. दुसरं, पाणी एकदम बंद होणं. आवर्तन संपलं की पातळी भराभर उतरते, पण अबटमेंटच्या आणि पंखभिंतीच्या मागची माती अजून चिंब असते. पुढून पाण्याचा आधार गेला, मागून ओल्या मातीचा रेटा तसाच. तुमची फुगलेली पंखभिंत बहुधा याच कारणाने फुगलीय. कालवा बंद झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाऊन बघा. भिंतीतली निचऱ्याची भोकं वाहत असतील तर ठीक. भोकं कोरडी आणि दगडांच्या सांध्यांतून मात्र पाणी पाझरतंय, तर भोकं बुजलीत. ती मोकळी करणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम आहे. लांब सळईने मागच्या मातीपर्यंत उघडायची, पण मागची माती वाहून येऊ लागली तर थांबायचं आणि मागे खडीचा फिल्टर द्यायचा.

तिसरं दुखणं अलीकडचं, पोकलेनचं. गाळ काढायला मशिन उतरतं, चालकाला कालव्याचा मूळ तळ कुठे आहे हे कुणी सांगत नाही, तो ‘जरा खोलच घेऊ’ म्हणतो आणि पुलाखालची दगडी फरसबंदी उचकटून पायाच्या खाली जातो. पूर नसल्याने उथळ ठेवलेला पाया असा उघडा पडला की शंभर वर्षांत न हललेलं अबटमेंट एका हंगामात खचतं. पुलाच्या वरच्या-खालच्या अंगाला दहा-दहा मीटर गाळ हातानेच काढायचा, ही अट पाणीवापर संस्थेने आणि शाखा अभियंत्याने बसून लिहून घ्यायला हवी.

आता वरचं पाणी. पुलावर उभं राहून कठड्याच्या तळाशी बघा. बहुतेक पुलांना तिथे दगडी पन्हळी असतात, रस्त्याचं पाणी बाहेर टाकायला. डांबराचे थर एकावर एक चढत जातात, साइडपट्टीवर मुरूम येतो, आणि पन्हळी गाडल्या जातात. मग पावसाचं पाणी रस्त्यावर तुंबतं, भरावात मुरतं आणि कमानीच्या पाठीवरून वाट काढत पोटातून टपकतं. जाताना ते चुना विरघळवून नेतं. पोटाखाली पांढरे ओघळ आणि लहान लहान टोकं लोंबताना दिसतात, ती तुमच्या दर्जांतलीच भर आहे, थेंबाथेंबाने बाहेर आलेली. ओघळ कोरडे असतील तर पाणी पूर्वी येत होतं. हाताला ओले लागले तर आजही येतंय.

म्हणून पहिलं काम पुलाखाली नाही, वर आहे. जादा डांबर खरवडून काढा, पन्हळी उघड्या करा, रस्त्याला मधून दोन्हीकडे उतार द्या, आणि दोन्ही टोकांना रस्त्याचं पाणी पुलावर यायच्या आधीच चरात वळवा. एवढ्यानेच कित्येक पुलांच्या भेगा वाढायच्या थांबतात. अर्थात यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याला निधी मिळत नाही, हा भाग वेगळा.

सिमेंटच्या गिलाव्याला माझा इतका विरोध का? वालुकाश्माच्या इमारतींबद्दल लोक सांगतात की दगड श्वास घेतो, सिमेंट तो कोंडतं. आपला काळा दगड श्वासच घेत नाही, त्यातून ओल जवळपास जात नाही. म्हणजे भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला एकच वाट उरते, चुन्याची दर्ज. ती सिमेंटने बुजवली की पाणी आत अडकतं, मागचा चुना भिजून मऊ पडतो, आणि बाहेर सिमेंटची कडक पट्टी दिमाखात उभी राहते. शिवाय कमान जिवंत असते, ऊन-सावलीने आणि चाकाखाली किंचित हलते. चुना ते हलणं सोसतो, बारीक चिरा पुन्हा भरूनही काढतो. सिमेंट तडकतं किंवा दगडाची कड घेऊन निघतं. आणि अख्ख्या पोटाला गिलावा केलात तर पुढच्या वेळी तपासायला येणाऱ्याला ना भेग दिसेल, ना ओघळ, ना सैल दगड. गिलाव्याखाली दोन-तीन दगड सुटून केवळ प्लॅस्टरच्या पापुद्र्यावर अडकलेले मी पाहिले आहेत. हातोडीचा पहिला ठोका बसताच खाली आले.

दुरुस्ती चुन्यानेच करा. भारतीय मानक 712 मध्ये चुन्याचे वर्ग दिलेत. पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला पाण्यात घट्ट होणारा, म्हणजे हायड्रॉलिक चुना लागतो. पूर्वी चुनखडीतच माती मिसळलेली असे, म्हणून भट्टीतून तसा चुना आपसूक मिळायचा. आज बाजारातला कळीचा चुना बहुतेक शुद्ध असतो, तो नुसता वापरला तर ओल्या जागी कधी घट्ट होणार नाही. तेव्हा एकतर तयार हायड्रॉलिक चुना विकत घ्या, नाहीतर कळीचा चुना नीट विरवून, चाळून, मुरवून त्यात सुरखी घाला. साधारण एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक ते दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी चांगल्या भाजलेल्या पण न जळलेल्या विटांची, ताजी दळलेली. गूळ, बेलफळ, उडदाचं पाणी यांची चौकशी लोक फार करतात. त्यांचा उपयोग आहे, पण सुरखी वाईट आणि वाळू मातकट असेल तर गुळाने काही होत नाही. आधी वाळू धुवा.

दर्ज भरण्याआधी जुना मेलेला माल निदान दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढायचा. पाण्याच्या रेघेत आणखी खोल. छिन्नी-हातोडीने, ग्राइंडर लावायचा नाही, त्याने दगडाच्या कडा जातात. फट पाण्याने धुवायची, ओली ठेवायची पण पाणी साचू द्यायचं नाही. मोठ्या फटीत आधी दगडाच्या चिपा मसाल्यात ठोकून बसवायच्या, मग थरावर थर देत मसाला आत दाबायचा, बाहेरून थापायचा नाही. शेवटी दर्ज दगडाच्या तोंडाच्या किंचित आत ठेवायची. वर उचललेली दोरीसारखी दर्ज दिसायला छान, पण तिच्यावर पाणी थांबतं. नंतर निदान दोन आठवडे ओली गोणपाटं लटकवून ठेवा. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात उघडी टाकलेली चुन्याची दर्ज दोन दिवसांत भुकटी होते, आणि मग गवंडी म्हणतो, ‘साहेब, चुन्यात काही राम नाही.’

कमानीच्या आत पोकळ्या असतील तर चुन्याचं ग्राउट, म्हणजे आत सोडायचा पातळ मसाला, द्यावं लागेल. खालून वर, टप्प्याटप्प्याने, अगदी कमी दाबाने. उंचावर ठेवलेल्या डब्यातून नळीने सोडलं तरी पुष्कळदा पुरतं. पंप लावून जोरात ढकललं तर ओल्या भरावाने आधीच फुगलेली भिंत आणखी बाहेर जाईल. फुगलेली पंखभिंत मात्र ग्राउटने सरळ होत नाही. फुगवटा भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला असेल तर दगडांना नंबर घालून ती उतरवायची आणि मागे निचरा देऊन पुन्हा रचायची, तेच दगड, त्याच जागी.

पिंपळ उपटू नका. त्याची मुळं भिंतीच्या आत दगडांच्या मध्ये बसलेली असतात, ओढलं तर दगड घेऊन येतात. कालवा कोरडा असताना खोड भिंतीलगत कापा आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा, फवारू नका. खालचं पाणी लोक आणि जनावरं पितात. अॅसिड, डिझेल, मीठ यातलं काही ओतू नका. मीठ तर दर्जेत मुरतं आणि भिंतीला लोणा लावतं. मूळ मेल्यावर, पुढच्या कोरड्या हंगामात, तेवढा भाग उघडून दगड पुन्हा बसवा.

भाराचा प्रश्न सगळ्यात शेवटी, पण ग्रामपंचायतीत भांडण त्यावरूनच आहे. दगडी कमानीसाठी जगभर एक जुनं ढोबळ सूत्र वापरतात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याला पुलांवरून रणगाडे न्यायचे होते त्यातून घडलेलं, मेक्सी नावाने ओळखलं जाणारं. कमानीची माथ्याशी जाडी आणि त्यावरचा भराव यांची मीटरमध्ये बेरीज करा, तिचा वर्ग करा, 740 ने गुणा, आणि गाळ्याच्या (कमानीच्या दोन टेकूंमधल्या अंतराच्या) 1.3 घाताने भागा. येणारा आकडा लागून असलेल्या दोन आसांच्या (अॅक्सलच्या) जोडीत दर आसाला किती टन चालतील याचा प्राथमिक अंदाज, कमाल 70. मग कमानीचा आकार, दगडांचा दर्जा, दर्जांची अवस्था, भेगा यांसाठी तो कमी करत जायचा.

नमुना म्हणून सहा मीटर गाळा, 45 सेंटिमीटर जाडीची कमान आणि 45 सेंटिमीटर भराव धरा. आकडा 58 टनांच्या आसपास येतो. दर्जांसाठी 0.8 आणि एकूण अवस्थेसाठी 0.7 ने कापला तरी 32 उरतात. आपल्याकडे मालट्रकच्या चार चाकी आसाला 2018 पासून कायद्याने 11.5 टनांची परवानगी आहे. म्हणजे कमान भरपूर सक्षम. आता त्याच पुलावर भराव 20 सेंटिमीटरच उरला असं धरा. आकडा थेट 30 वर येतो, कापून 17. काही दगड हलला नाही, फक्त वरची माती गेली आणि ताकद निम्मी झाली. अवस्थेचा गुणक 0.4 च्या खाली द्यावासा वाटला तर सूत्र बाजूला ठेवायचं आणि आधी दुरुस्ती करायची, असा दंडक आहे. तुमच्या पुलाचे आकडे मोजूनच घाला, माझे वापरू नका.

भरावाचं हे गणित सरपंचांना मुद्दाम दाखवा, कारण नळयोजनेचा पाइप पुलावरून नेताना माथ्यावरच चर खणला जातो. तिथेच भराव सगळ्यात पातळ असतो, आणि जेसीबीचा दात कळीच्या दगडाला लागायला वेळ लागत नाही. एका गावी मी असा चर पाहिलाय: माथ्यावर रस्त्याच्या पूर्ण रुंदीला आडवा, बुजवताना नुसती सैल माती लोटलेली, आणि त्यावरून लगेच उसाच्या दुहेरी ट्रॉल्या सुरू. पाइप न्यायचा तर कठड्याच्या बाहेरून, स्वतंत्र आधारावर न्यावा.

आणखी एक, ज्यावर मी कधीही तडजोड करत नाही. कुठल्याही कारणाने भराव काढायचा झाला तर दोन्ही बाजूंनी सारखा, थोडा थोडा, माथ्यापासून कडेकडे, आणि खाली आधाराचं सेंटरिंग लावूनच. एका बाजूचा भराव आधी काढला की दाबाची रेघ दुसऱ्या बाजूला झुकते. शंभर वर्षं उभी असलेली कमान दुरुस्तीच्या दिवशी पडते ती अशी.

पूल दुरुस्त होऊनही भार पुरत नसेल तर भरावावर, कमानीला न चिकटणारा, दोन्ही टोकांना अबटमेंटच्या मागे टेकणारा आरसीसी स्लॅब टाकता येतो. आतून आरसीसीची कमान ठोकून देण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. पाण्याची वाट आक्रसते, वरच्या अंगाला पाणी फुगतं आणि मूळ कमान दोन आवरणांमध्ये कुजत राहते. रस्ता खरोखर रुंद हवा असेल, दोन उसाच्या गाड्या समोरासमोर पार व्हायला हव्या असतील, तर नवा पूल शेजारी बांधा आणि जुना दुचाक्या, बैलगाड्या आणि चालणाऱ्यांना ठेवा. जुना पाडून त्याच जागी नवा बांधताना कालवा बंद ठेवायचे दिवस, वळणरस्ता, मलबा हलवणं हा खर्चही अंदाजपत्रकात धरायला सांगा. बऱ्याचदा शेजारचा नवा पूल त्याहून सोयीचा पडतो.

आता कागदपत्रं, थोडक्यात. कालव्यावरचं बांधकाम जलसंपदा विभागाचं, वरचा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा, त्यामुळे दोन्हीकडून ‘आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर मिळू शकतं. ग्रामसभेचा ठराव करून अर्ज दोन्ही कार्यकारी अभियंत्यांना एकाच तारखेला द्या, एकाची प्रत दुसऱ्याला. कालवा उपविभागात पुलाचं जुनं रेकॉर्ड ड्रॉइंग आहे का, ते आधी मागा, पायाची खोली त्यातच मिळेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल तपासणी आणि भारक्षमतेच्या मार्गदर्शिका आहेत, एसपी 35 आणि एसपी 37. स्ट्रक्चरल ऑडिट त्यांनुसार आणि दगडी कमानीचा अनुभव असलेल्या माणसाकडून व्हावं असं अर्जात लिहा. नाहीतर स्लॅबच्या पुलाचा छापील फॉर्म भरून ‘धोकादायक’ असा शेरा येईल. पूल संरक्षित स्मारकांच्या यादीत नसेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आड येणार नाही, पण संरक्षणही मिळणार नाही. ते गावालाच करायचं आहे.

तोवर दोन्ही टोकांना उंच गाड्या अडवणारी लोखंडी चौकट लावून भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या आणि मोठे ट्रक वळवा. ट्रॅक्टरवाल्यांना एकेक ट्रॉली सोडून दोन फेऱ्या मारायला सांगा. कुरकुर करतील, पण कारखान्याच्या शेतकी विभागाने गट ठरवून दिले तर ऐकतात. पुलाखालचं काम दोन आवर्तनांच्या मधल्या खंडातच होऊ शकतं, म्हणून कालवा सल्लागार समितीत आवर्तनाच्या तारखा ठरायच्या आधी अर्ज पोचायला हवा. चुना मुरवायला टाकणं, सुरखी दळून आणणं, परांचीचे बांबू ही तयारी पाणी चालू असतानाच करून ठेवा. कालवा बंद झाल्यावर चुना शोधायला निघालात तर तो खंड हातचा जाईल. आणि अर्जासोबत भेगांचे फोटो जोडाल तेव्हा शेजारी पट्टी किंवा निदान एक रुपयाचं नाणं ठेवा, भेग कुठल्या दिशेने धावते ते बाणाने दाखवा.